डावी साडेछत्तीस, उजवी तेहतीस

प्लास्टर काढलं त्या दिवशी माझी डावी पोटरी बघून आमची ही म्हणाली होती, "अहो, पाय आहे का दोरी?" महिनाभर न हललेली पोटरी पार वाळून गेली होती. ही घरी शाळेचे गणवेश शिवते. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, त्यातलीच एक. माप तिच्या डोळ्यातच बसलेलं असतं. ट्रॅक पँटचा डावा पाय कसा लोंबतोय, हे तिनंच मला दाखवलं.

नऊ दिवसांनी तीच ट्रॅक पँट चढवताना डाव्या पोटरीवर अडकली.

झालं होतं असं. डिसेंबरच्या सुरुवातीला अशोक चौकाजवळ खडीवरून स्कूटर घसरली आणि डाव्या घोट्याचं हाड चिरलं. ऑपरेशन लागलं नाही, गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. मालकांनी वह्या आणि लॅपटॉप घरीच पाठवून दिले, आणि मी पाय स्टुलावर टाकून सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत. पाणी कमी पीत होतो, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं आणि कुबड्या घेऊन मोरीपर्यंत जायचं म्हणजे एक मोहीमच. ह्या सगळ्याची बेरीज काय होते, ते तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर चार-पाच दिवसांनी पोटरीत दुखायला लागलं. पेटका येऊन गेल्यावर मागं जसं ठसठसत राहतं, तसं. वाटलं, चालायची सवय मोडली म्हणून असेल. हाडांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या मुलानं सांगितलं, प्लास्टर काढल्यावर सूज येतेच, पाय उशीवर ठेवा, शेकून बघा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, सूज खरंच येते. पण ती कुठं येते आणि किती येते, हे त्यानं विचारायला हवं होतं. शेजारच्या आज्जी जन्मभर विड्या वळलेल्या, पाय आखडण्याचा अनुभव दांडगा. त्या तेल कोमट करून घेऊन आल्या आणि हिला म्हणाल्या, "चोळ की गं चांगलं, रक्त मोकळं होतंय." दोन रात्री हिनं मन लावून पोटरी चोळली. मला बरंही वाटलं. हे पुढं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

तो शनिवार होता, गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. दुसऱ्या दिवशी यात्रेतला अक्षता सोहळा. गावात नंदीध्वजांची मिरवणूक होऊन गेलेली, रस्त्यांवर बांबू आणि बॅरिकेड, बारा भानगडी. रात्री आठच्या सुमाराला ट्रॅक पँटचा प्रकार घडला. हिनं मशीनवरून उठून पाय बघितला आणि म्हणाली, "हा पाय परवापर्यंत बारीक होता. आज हा जाड आणि तो बारीक. हे काही मला बरं दिसत नाही." मुलानं गाडी काढली आणि बोळाबोळांतून साखर पेठेत आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. खाली दवाखाना, वर घर. ही तशीच उठून आली होती, गळ्यात शिवणाची टेप लोंबकळत.

डॉक्टर सत्तरीचे. त्यांनी आधी पायाला हातच लावला नाही. मला उताणं झोपवलं, दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे करायला लावले आणि पायथ्याशी उभं राहून नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "प्लास्टरची सूज घोट्यावर आणि पावलावर जास्त असते. तुमची पोटरी भरलीय." नडगीवर अंगठा दाबून धरला, मनात दहा मोजले असतील, आणि काढला. खड्डा तसाच राहिला, चहाच्या बशीत बोट बुडवावं एवढा. उजव्या नडगीवर तेच केलं, खड्डा नाही. मग पोटरीच्या मागच्या बाजूनं मधोमध वरवर सरकत दाबत गेले. गुडघ्याच्या मागच्या खळग्यापाशी मी ओरडलो.

मला वाटलं आता पंजा वर ओढून बघतील. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असली की तसं केल्यावर पोटरीत कळ येते, असं मोबाईलवर वाचलं होतं. ते हसले. "होमन्सची खूण. आम्हीही शिकलो. गाठ असूनही दुखत नाही आणि गाठ नसूनही दुखतं. तिच्यावर विसंबत नाही मी."

मग त्यांनी टेबलाच्या खणात टेप शोधायला सुरुवात केली. एक खण, दुसरा खण. सापडेना. शेवटी हिच्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, गळ्यातली द्या."

पोटरी मोजण्याचीही रीत असते, हे मला तेव्हा कळलं. वाटेल तिथं टेप गुंडाळायची नाही. गुडघ्याच्या वाटीखाली समोर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, तिथून खाली दहा सेंटिमीटर मोजून त्यांनी बॉलपेननं रेघ ओढली. दोन्ही पायांवर. मग त्या रेघेवर टेप फिरवली, आवळायची नाही आणि सैलही नाही. हिला राहवलं नाही. "डॉक्टर, टेप मागं तिरकी झालीय." त्यांनी टेप तिच्याच हातात दिली. मोजली तिनंच. उजवी तेहतीस, डावी साडेछत्तीस. डॉक्टरांनी पुन्हा एकदा मोजायला लावलं. तेच आलं.

"साडेतीन सेंटिमीटर," ते म्हणाले. "तीनच्या वर असेल तर धरायचं. आणि एक लक्षात घ्या. महिनाभर प्लास्टरमध्ये असलेला पाय खरं तर बारीक असायला हवा. तुमचा तो होताही, वहिनींनी बघितलाय. म्हणजे नुसता साडेतीनचा फरक नाही हा, त्याहून जास्त भरलाय."

मुलगा म्हणाला, सोनोग्राफी करून टाकू या का आत्ताच? डॉक्टरांनी फोन लावायला घेतले. एका सेंटरचे डॉक्टर गावी गेलेले. दुसऱ्या ठिकाणी फोन कुणी उचलेना. तिसऱ्या एका मोठ्या दवाखान्यातून उत्तर आलं की मशीन आहे, पण पायाचं डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करणारे सोमवारी. मुलगा चिडला. "तुमच्याकडेच एक छोटं मशीन का ठेवत नाही, आता तर हातात मावणारी मिळतात म्हणे." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सोनोग्राफीचं मशीन म्हणजे रक्तदाब मोजायचं यंत्र नाही बाबा. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे. मशीनची नोंदणी लागते, जागेची लागते, चालवणाऱ्याची पात्रता लागते. छोटं म्हणून खिशात घालून घरोघरी फिरता येत नाही." कायदा कशासाठी आला हे आपल्या राज्यात कुणाला सांगायला नको. पण त्याची अशीही एक बाजू असते, हे त्या रात्री समजलं.

"मग पुण्याला नेतो," मुलगा म्हणाला.

"अडीचशे किलोमीटर पाय लोंबकळत बसवून? कशाला? मशीन नाही म्हणून आपल्याला काहीच कळत नाही, असं कुठंय."

आणि त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागं बेरीज मांडली. मी हिशेबनीस असल्यानं मुद्दाम मला दिसेल अशी मांडली असावी. ही वेल्स यांची पद्धत, कॅनडातले डॉक्टर, १९९७ मध्ये मांडली आणि २००३ मध्ये सुधारली. लक्षणागणिक एकेक गुण. पायाला नुकतंच प्लास्टर होतं, १. आतल्या शिरेच्या वाटेवर दाबल्यावर दुखतंय, १. पोटरीत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक, १. खड्डा पडणारी सूज त्याच पायाला, १. सबंध पाय मांडीपर्यंत सुजला असता तर आणखी एक, तो नाही. कॅन्सर चालू असता, आधी कधी अशी गाठ झालेली असती, तीन दिवस अंथरुणाला खिळलो असतो किंवा तीन महिन्यांत मोठं ऑपरेशन झालं असतं, वरच्या शिरा फुगून आल्या असत्या, तर त्यांचे एकेक. ते प्रश्न त्यांनी विचारले, मी नाही नाही म्हणत गेलो. बेरीज ४.

"आता वजाबाकी. दुसरं एखादं कारण तितकंच पटण्यासारखं असेल तर २ वजा करायचे. हाडाच्या दुखापतीची सूज, स्नायू फाटणं, गुडघ्यामागची पाण्याची गाठ, कातडीचा जंतुसंसर्ग. तुम्हाला ताप नाही, कातडी लाल नाही. पण हाड मोडलं होतं, ते आहेच." ते थोडं थांबले. "मी वजा करणार नाही. पण समजा केले, तरी किती उरतात?"

"दोन," मी म्हणालो.

"दोन किंवा जास्त म्हणजे गाठ असण्याची शक्यता जास्त धरायची. कसंही मांडा, रेघेच्या ह्याच बाजूला येताय तुम्ही."

हे मला फार पटलं. आमच्या धंद्यात रोकड जुळत नसली आणि पावती हाताशी नसली, म्हणून वही बंद करून कुणी घरी जात नाही. ती रक्कम उचंत खात्यात टाकतो, म्हणजे तात्पुरती नोंद. पावती आली की खरी नोंद. पण तोवर ती रक्कम वहीत दिसायला हवी. डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबर. फक्त इथली उचंत नोंद सुईनं करायची असते."

त्यांची धास्ती पायाची नव्हतीच. पायातल्या आतल्या मोठ्या शिरेतली गाठ सुटली, तर ती वर जाते, हृदयातून फुप्फुसात अडकते, आणि मग वेळ मिळत नाही. म्हणून चोळणं आणि शेकणं त्या क्षणापासून बंद. ही पदराशी चाळा करत बसली होती. तिला म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. आजच्या आज पाय तुमच्याच डोळ्यांनी पकडला, हेही लिहून ठेवा."

बोटाला ते कोरोनातलं चिमट्याचं यंत्र लावलं. ऑक्सिजन ९७, नाडी ८४. छातीत कळ नाही, दम नाही, खोकल्यातून रक्त नाही. "ह्यातलं एकही काही झालं, किंवा चक्कर येऊन पडलात, तर मला फोन करत बसू नका. सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात." मुलाच्या मोबाईलमध्ये त्यांनी ते टाइप करून घेतलं.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन द्यायच्या आधी मात्र त्यांनी माझी उलटतपासणी केली. पोटात व्रण होता का, काळी शौच झाली का, मूळव्याधीतून रक्त जातं का, पडताना डोक्याला मार लागला होता का, मूत्रपिंडाचा काही त्रास, रक्तदाब किती. घोट्यासाठी वेदनाशामक गोळी अजून चालू होती, ती तिथंच बंद केली, कारण त्या गोळीनं जठरातून रक्त जाऊ शकतं आणि वरून रक्त पातळ करणारं औषध म्हणजे दुष्काळात तेरावा. त्यांच्या ओळखीच्या लॅबचा मुलगा मोटारसायकलवरून आला. त्यानं वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्यांत रक्त घेतलं. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरल्याशिवाय त्यानं सुई काढली नाही. तिच्यात आधीच औषध असतं, म्हणाला, रक्त कमी पडलं तर प्रमाण चुकतं. ती डी-डायमरची. बाकीच्या हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिनच्या.

डी-डायमर म्हणजे काय, हेही विचारून घेतलं. शरीर रक्ताची गाठ विरघळवायला लागतं तेव्हा तिचा जो चुरा रक्तात येतो, त्याचं मोजमाप. मी म्हणालो, मग तो आकडा येऊ द्या, तोवर थांबू. डॉक्टर म्हणाले, इथंच लोक फसतात. हाड मोडलं तरी हा चुरा वाढतो. जंतुसंसर्गानं, ऑपरेशननं, गरोदरपणात, नुसत्या वयानंही वाढतो. तेव्हा आकडा जास्त आला म्हणून गाठ ठरत नाही. त्याचा खरा उपयोग उलटा. ज्याची बेरीज शून्य किंवा एक आहे, त्याचा डी-डायमर कमी आला तर निश्चिंत मनानं घरी पाठवता येतं, सोनोग्राफीही लागत नाही. "तुमची बेरीज चार. तुमचा कमी आला तरी मी सुई थांबवणार नाही."

"मग करताय कशाला?"

"उद्या डॉपलर कोरा आला तर लागेल. डॉपलर कोरा आणि हा आकडा जास्त, असं झालं तर आठवड्यानं पुन्हा बघावं लागतं. पोटरीतली बारीक गाठ पहिल्या दिवशी निसटते कधीकधी."

वजन केलं, ६१ किलो. ह्या इंजेक्शनचा डोस वजनावर, किलोला एक मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. ६० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज मेडिकलमधून मुलानं आणली. रिपोर्टची वाट न बघता पहिली सुई रात्री दहाला टोचली. बेंबीपासून बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरून. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि नंतर त्या जागी चोळायचं नाही. ही म्हणाली, "चोळायला मी आता जन्मात जायची नाही."

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा पावणेबारा वाजले होते. प्लेटलेट, क्रिएटिनिन ठीक. डी-डायमर २८६०. शेजारी छापलेली मर्यादा ५००. पन्नाशीनंतर मर्यादा वयाच्या दहापट धरतात, म्हणजे माझी ५४०, तरी फरक काय पडणार. मी डॉक्टरांना पाठवला. त्यांनी लगेच फोन करून विचारलं, आकड्यापुढं एफईयू लिहिलंय की डीडीयू? मी चष्मा लावून वाचलं, एफईयू. दोन मापं प्रचारात आहेत आणि एकातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. मीटर आणि वार एकत्र करणाऱ्या गिऱ्हाईकांची मला आठवण झाली.

झोप कसली येते. अधूनमधून बोटाला चिमटा लावून बघत होतो, ९६, ९७, ९६. ही जागीच होती. पहाटे कधीतरी म्हणाली, "मी चोळलं त्यानं सुटली असती तर?" मी म्हणालो, सुटली नाही ना. दुसरं काय बोलणार.

रविवारी सकाळी दहाला दुसरी सुई, कंपाउंडरनं घरी येऊन दिली. दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, आम्ही टीव्हीवर बघितल्या. दरवर्षी मी तिथं असतो. चारच्या पुढं डॉक्टरांचा फोन, "सोनोग्राफीच्या डॉक्टरांचा फोन लागला, सोहळ्यातून परस्पर येतायत, साडेपाचला पोचा." रेडिओलॉजिस्ट आले ते पांढऱ्या बाराबंदीतच, कपाळावर भस्माचे पट्टे. शटर स्वतः उघडलं. बाराबंदीच्या बाह्या वर सारून त्यांनी मांडीला गार जेल लावलं.

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. जांघेत दोन काळी वर्तुळं. एक धडधडणारं, ती धमनी. दुसरं शेजारी स्वस्थ, ती शीर. त्यांनी वरून दाबलं तर शीर ओठ मिटावेत तशी मिटली. सोडलं, उघडली. "ही चांगली." असं दाबत, सोडत ते मांडीवरून खाली आले. मग मला कुशीवर वळवून गुडघ्याच्या मागं यंत्र टेकवलं. तीच दोन वर्तुळं. त्यांनी दाबलं. शीर मिटली नाही. जोर वाढवला नाही, पुन्हा एकदा तेवढंच दाबून बघितलं. आत राखाडी काहीतरी भरलेलं, वर्तुळ तसंच उघडं. रंगीत डॉपलरमध्ये धमनी लाल झाली, शेजारी रंग नाहीच. पायाचं डॉपलर मी काहीतरी गहन समजत होतो. त्यातला मुख्य भाग म्हणजे शीर दाबून मिटते का बघणं.

"गुडघ्यामागच्या शिरेत आहे, खाली पोटरीतही उतरलीय. मांडीत नाही," ते म्हणाले. "इंजेक्शन कधी सुरू केलं?" काल रात्री दहाला, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

पुढचं थोडक्यात. काही दिवस सुया, मग गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. प्लास्टरसारखं ठळक कारण सापडलं म्हणून तीन महिन्यांवर भागलं, नाहीतर लांबलं असतं. झोपून राहायचं नाही, उलट सुई सुरू झाल्यावर चालायला सांगितलं. दाढीचं ब्लेड बदलून मशीन घेतलं. आज्जींना पंधरा दिवस कुणी काही सांगितलं नव्हतं, मग त्यांना कळलं तेव्हा शेंगाचटणीची बरणी घेऊन आल्या आणि बराच वेळ पायाकडे न बघता बसल्या.

पोटरीवरची बॉलपेनची रेघ आंघोळीत पुसली जाते, म्हणून ही दर रविवारी नवीन ओढते. टेपही तीच. गणवेशांच्या मापाच्या वहीत, इयत्ता सहावी, छाती अमुक, बाही तमुक, त्याच्या खाली ती माझी मापं लिहिते. परवा बघितली. डावी चौतीस, उजवी तेहतीस. पुढं तिच्या अक्षरात लिहिलंय, सैल सोडणे.